वाहतूक धोरणांच्या शाश्वततेचे मूल्यमापन : तंजावर जिल्ह्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

‘शाश्वत वाहतूक म्हणजे काय?’ हा प्रश्न परीक्षेत आला की उत्तरपत्रिकांत साधारण एकच उत्तर सापडते. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाची व्याख्या, पर्यावरण-अर्थकारण-समाज हे तीन खांब, आणि मग उदाहरणादाखल मेट्रो, विद्युत बस, सायकल मार्ग. उत्तर चूक नसते आणि गुणही मिळतात. मात्र एखादे प्रत्यक्ष धोरण समोर ठेवून ‘हे टिकेल का, आणि टिकले तर कोणाच्या जिवावर?’ असे विचारले की लेखणी थांबते. व्याख्या पाठ असणे वेगळे आणि मूल्यमापन करता येणे वेगळे, हे त्या वेळी लक्षात येते.

या टिपणासाठी तमिळनाडूतील तंजावर जिल्हा घेतला आहे. मराठी विद्यार्थ्याला तंजावर ठाऊक असते ते भोसले घराण्यामुळे, सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेखामुळे. वाहतुकीच्या अभ्यासकाला मात्र हा जिल्हा आणखी एका कारणाने उपयोगी आहे. राजाश्रयाची यात्रामार्ग-व्यवस्था, स्थानिक करातून उभी राहिलेली रेल्वे, केंद्र सरकारचा गेजबदल, आणि महिलांसाठी मोफत बस, अशी प्रवासाची चार वेगवेगळी धोरणे इथे दोनशे वर्षांत एकाच भूभागावर राबवली गेली. त्यामुळे त्यांची तुलना करता येते.

छत्रांचा दाखला

तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. नीडामंगलम् येथील यमुनांबा छत्र हे प्रतापसिंह राजांच्या काळातले, ओरत्तनाड येथील मुक्तांबा छत्र सरफोजी राजांनी १८०२ मध्ये उभारलेले. काशीहून रामेश्वराला पायी जाणारा यात्रेकरू तंजावरहून दक्षिणेला ओरत्तनाड, पट्टुकोट्टै करीत समुद्रकाठाने पुढे जाई. वाटेत ठरावीक अंतरावर त्याला मुक्काम आणि अन्न मिळे. आजच्या भाषेत ही पायी वाहतुकीची पायाभूत व्यवस्था होती. रस्ता कच्चाच होता, पण रस्त्यावर चालणाऱ्याची सोय पक्की होती.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. छत्रांचे काय होणार ही चिंता राजांना होती. १८०१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांचे काम सविस्तर सांगितले आहे. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळतो, ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना शिधा मिळतो. आजाऱ्यासाठी वैद्य असतो, तान्ह्या मुलांना दूध दिले जाते, गरोदर बाईची काळजी घेतली जाते, वाटेत कोणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने त्याचे अंत्यविधी होतात. मुलांना शिकवायला शिक्षक असतो. आणि एक बारीक तपशील असा की अन्नवाटप मध्यरात्रीपर्यंत चालते, मग घंटा वाजवून पुकारा केला जातो : ज्यांचे जेवण राहिले असेल त्यांनी पुढे यावे.

मूल्यमापनाच्या दृष्टीने मला या पत्रातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘आज किती पाने उठली’ हे तर कोणतेही अन्नछत्र सांगेल. ‘कोण राहिले’ हे मुद्दाम विचारावे लागते, आणि ते विचारण्याची वेळ व पद्धत व्यवस्थेतच ठरवून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट खर्चाची. प्रत्येक छत्राला गावे तोडून दिलेली होती. इमारत बांधतानाच तिचा रोजचा तांदूळ कोठून येणार हे ठरलेले असे. आजच्या प्रकल्प अहवालांत भांडवली खर्चाला चाळीस पाने आणि चालवण्याच्या खर्चाला दीड पान असते. त्या मानाने ही व्यवस्था अधिक जबाबदार म्हणावी लागेल.

येथे विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. हे पत्र म्हणजे तटस्थ पाहणीचा अहवाल नव्हे. छत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून राजाने केलेली ती विनंती आहे आणि विनंती करणारा माणूस उजळ बाजूच दाखवतो. शिजवलेले अन्न आणि शिधा या विभागणीतही जातीची चौकट आहेच. शिवाय गावे नेमून दिलेली असली तरी ती नेमणूक सत्तेच्या मर्जीवर उभी होती. १८५५ नंतर राजघराण्याची सत्ता नावालाही उरली नाही, छत्रांचा कारभार क्रमाने जिल्हा प्रशासनाकडे गेला, आणि वाटसरू रेल्वेने जाऊ लागल्यावर काही इमारतींत विद्यार्थ्यांची वसतिगृहे व शाळा आल्या. तेव्हा छत्रांना आदर्श म्हणून मिरवण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून दोन प्रश्न मात्र उसने घ्यावेत : राहून गेलेल्याला कोण शोधतो, आणि उद्याचा तांदूळ कोण देतो?

विडियल पयणम् : शून्य रकमेचे तिकीट

७ मे २०२१ रोजी तमिळनाडूत नवे सरकार आले. मुख्यमंत्री मु. क. स्टॅलिन यांनी पहिल्याच दिवशी ज्या आदेशांवर सही केली त्यांत महिलांना साध्या भाड्याच्या टाउन बसमधून मोफत प्रवास देणारा आदेश होता. पुढे तृतीयपंथी व्यक्ती, दिव्यांग व त्यांचे सोबती यांनाही सवलत मिळाली. या योजनेला ‘विडियल पयणम्’, म्हणजे पहाटेचा प्रवास, असे नाव पडले. नावावरून टाउन बस ही शहरात फिरणारी गाडी वाटेल. तमिळनाडूत ती शहराबाहेरच्या खेड्यांपर्यंत जाते. तंजावर, कुंभकोणम् आणि पट्टुकोट्टै ही तिन्ही गावे आपापल्या परिसरातल्या खेड्यांशी या बसने जोडलेली आहेत. शेतमजूर बाई, कापड दुकानातली विक्रेती, महाविद्यालयातली मुलगी, फुलांची टोपली घेऊन निघालेली आजी, या सगळ्यांची ही गाडी.

योजनेचे मूल्यमापन राज्य नियोजन आयोगाने नागपट्टणम्, मदुरै आणि तिरुप्पूर या जिल्ह्यांत केले. त्यांपैकी नागपट्टणम् हा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग होता. महिलेचे महिन्याला सरासरी ८८८ रुपये वाचतात, हा आकडा त्यानंतर सरकारी भाषणांत सतत येऊ लागला. वर्षाचे साडेदहा हजार रुपये म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या घरात लहान रक्कम नव्हे. ती बहुधा बाईच्याच हातात राहते, आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी तिला घरात कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. ‘मोफत दिले की किंमत राहत नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी हा मागण्याचा भाग कधी अनुभवलेला नसतो. सामाजिक खांबापुरते बोलायचे तर योजना यशस्वी आहे असे माझे मत आहे, आणि पुढील टीका वाचताना ते विसरू नये.

आता अडचणी पाहू.

पहिली अडचण आधाररेषेची. आदेश ८ मे २०२१ पासून लागू झाला आणि दोनच दिवसांत करोनाची टाळेबंदी लागली. बस बंद पडल्या. त्यामुळे ‘योजनेपूर्वी’ आणि ‘योजनेनंतर’ अशी सरळ तुलना करता येत नाही. २०२०-२१ चे प्रवासी आधाराला धरले तर वाढ प्रचंड दिसते, पण त्यातली मोठी वाढ कामधंदे पुन्हा सुरू झाल्यामुळे झालेली आहे. करोनापूर्वीचे वर्ष धरावे तर त्या वेळी महिला प्रवाशांची वेगळी मोजणी होत नव्हती, कारण साध्या तिकिटावर स्त्री की पुरुष हे लिहिलेले नसते. प्रामाणिक मूल्यमापनाने ही मर्यादा पहिल्या पानावर लिहायला हवी.

दुसरी अडचण सरासरीची. ८८८ रुपये ही बसने जाणाऱ्या बाईची बचत आहे. जिच्या गावात टाउन बस येत नाही, तिची बचत शून्य आहे आणि ती या सरासरीत नाहीच. तंजावर भागात हा मुद्दा फार जवळचा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात टप्पा वाहतूक म्हणजे एसटी असे समीकरण आहे. तमिळनाडूत तसे नाही. तेथे परवानाधारक खाजगी बस सरकारी बसच्या बरोबरीने, कधी त्याच थांब्यावरून, तिकीट घेऊन धावतात. एखाद्या मार्गावर सकाळी सातची गाडी सरकारी आणि आठची खाजगी असेल, तर घरचे आटोपून आठला निघणारी बाई पैसे भरते. धोरण एकच, गाव एकच, थांबाही एकच, आणि लाभ वेळापत्रकावर ठरतो. शून्य तिकिटांच्या एकूण बेरजेत ही बाई कधीच दिसणार नाही. ती दिसायची तर मोजणी थांब्यावर करावी लागेल.

तिसरी अडचण पर्यावरणाच्या खात्याची. मोफत बसमुळे कार्बन उत्सर्जन घटले असे विधान पुष्कळ ठिकाणी सहज केले जाते. ते खरे ठरण्यासाठी नवी प्रवासी पूर्वी दुचाकीने, शेअर रिक्षाने किंवा मोटारीने जात असली पाहिजे. ती पूर्वी तीन किलोमीटर चालत जात असेल, किंवा जातच नसेल, तर उत्सर्जनात घट नाही. उलट तिला उन्हातून चालावे लागत नाही, ती लांबच्या पण बऱ्या मजुरीच्या कामाला जाऊ शकते, हाच खरा लाभ आहे. येथे शाश्वततेचे दोन खांब वेगळ्या दिशेने बोलतात. अशा वेळी मूल्यमापकाने दोन्हींची बेरीज करून एक गुणांक काढू नये. कोणत्या लाभासाठी धोरण योग्य ठरते ते स्पष्ट लिहावे. मला विचाराल तर गरिबाच्या पहिल्या बसप्रवासाकडून हवामानाचा हिशेब मागणे हेच मुळात गैर आहे.

चौथी अडचण सर्वांत गंभीर, आणि ती पैशाची आहे. २०२१ मध्ये भरपाईसाठी १,२०० कोटी रुपयांचा अंदाज होता. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात २,८०० कोटी, २०२४-२५ मध्ये ३,०५० कोटी, २०२५-२६ मध्ये ३,६०० कोटी रुपयांची तरतूद झाली. ‘चार वर्षांत तिप्पट’ असे म्हणून घाबरून जाऊ नये, कारण पहिले वर्ष टाळेबंदीने कापलेले होते. पण दिशा स्पष्ट आहे. जानेवारी २०१८ मध्ये भाडेवाढ झाली, आणि नंतरची कित्येक वर्षे साध्या बसचे भाडे तेच राहिले. डिझेल, सुटे भाग आणि पगार थांबले नाहीत. महामंडळाचा तिकिटातला रोजचा रोख गल्ला कमी झाला आणि सरकारी भरपाईवरचे अवलंबन वाढले. ही भरपाई कशावर मोजायची हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण सगळे त्यावर अवलंबून आहे. तिकिटामागे भरपाई दिली तर गर्दीच्या मार्गावरची फेरी महामंडळाला परवडते आणि आडवळणाच्या खेड्याची रात्रीची फेरी नकोशी होते. किलोमीटरमागे दिली तर गाडी धावत राहते, पण रिकामी धावली तरी कोणी विचारत नाही. तंजावरसारख्या जिल्ह्यात, जिथे खेडी लहान आणि जवळजवळ आहेत, तिथे या निवडीवर शेवटच्या फेरीचे भवितव्य ठरते.

पैसे कमी पडले की ते कुठून तरी काढले जातातच. ९ व १० जानेवारी २०२४ रोजी तमिळनाडूच्या परिवहन कामगार संघटनांनी संप केला. रिक्त जागा भराव्यात आणि निवृत्त कामगारांचा थकलेला महागाई भत्ता द्यावा, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. तंजावरचा समावेश असलेल्या कुंभकोणम् महामंडळाची परंपरा १९७२ च्या चोळन परिवहन महामंडळापर्यंत मागे जाते, म्हणजे पन्नास वर्षांचे निवृत्त वाहक-चालक त्याच्या हिशेबात आहेत. माझे म्हणणे असे : मोफत प्रवासाचा खर्च राज्याच्या तिजोरीने उचलला तर ते समाजाने घेतलेले ओझे आहे. तोच खर्च पेन्शनराचा भत्ता थकवून, न भरलेल्या जागांवरच्या माणसाचे काम दुसऱ्याच्या पाळीवर टाकून भागवला, तर ते धोरण टिकाऊ दिसते पण टिकाऊ नसते. मूल्यमापनाच्या एकाही ठळक आकड्यात हा निवृत्त वाहक येत नाही. लाभार्थी बाई आणि तो, दोघेही त्याच धोरणाचा भाग आहेत. तिला सवलत देताना त्याच्याकडून ती घेतली जाऊ नये.

महाराष्ट्राशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. आपल्या एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. येथे सवलत सर्व प्रकारच्या गाड्यांत आहे. तमिळनाडूने दिलेली सवलत पूर्ण, पण सुरुवातीला फक्त साध्या टाउन बसमध्ये. दिसायला हा पन्नास आणि शंभर टक्क्यांचा फरक आहे, पण वस्तुतः दोन वेगळ्या बायांसाठी केलेली ही दोन धोरणे आहेत. निम्मे भाडे लांब जाणारीला अधिक रुपये वाचवून देते : माहेरी निघालेली, देवदर्शनाला, लग्नकार्याला. शून्य भाडे रोज आठ-दहा किलोमीटर कामाला जाणारीला वाचवते. रोजच्या मजुरीशी जोडलेले असल्याने तमिळनाडूचे धोरण मला अधिक नेमके वाटते. महाराष्ट्राच्या धोरणाची जमेची बाजू अशी की निम्मे का होईना, रोख भाडे डेपोत येत राहते, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १५ टक्के भाडेवाढ करण्याचे धाडसही झाले. मात्र कामगाराच्या प्रश्नावर महाराष्ट्राने कोणाला शिकवू नये. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा एसटीचा संप विसरण्याइतका जुना झालेला नाही.

रेल्वे : सात वर्षांची रिकामी रकाने

रेल्वे ही बसपेक्षा पर्यावरणस्नेही, म्हणून रेल्वेवरचा खर्च आपोआप शाश्वत, असे गृहीत धरले जाते. तंजावरचा इतिहास या गृहीतकाला चांगलाच धक्का देतो. नागपट्टणम्–तंजावर–तिरुचिरापल्ली हा मार्ग १८६१-६२ मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाला. १८७५ च्या सुमारास तो उखडून मीटरगेज केला, आणि शतकाहून अधिक काळाने पुन्हा ब्रॉडगेज केला. प्रत्येक वेळी त्या त्या काळात निर्णयाला कारणे होती. पण एका पिढीची काटकसर दुसऱ्या पिढीचा भांडवली खर्च होऊन बसली.

त्याहून बोधक आहे मायावरम्–मुत्तुपेट मार्ग. आजच्या मयिलाडुदुरैहून तिरुवारूरमार्गे मुत्तुपेटला जाणारा हा मार्ग तंजावर जिल्हा बोर्डाने स्वतः बांधला. त्यासाठी जिल्ह्यातल्या जमिनीवर उपकर बसवला गेला, आणि १८९४ मध्ये गाडी सुरू झाली. जिल्ह्याने स्वतःच्या पैशाने रेल्वे बांधल्याचे हे भारतातले अगदी सुरुवातीचे उदाहरण. पुढे हा फाटा पट्टुकोट्टै, अरंतांगीपर्यंत वाढला. शेतकऱ्याने उपकर भरलेला असल्याने गाडी कोठे थांबावी याबद्दल बोलण्याचा हक्क त्याला होता.

याच मार्गाचा तिरुवारूर–कारैकुडी हा सुमारे १५० किलोमीटरचा भाग गेजबदलासाठी २०१२ मध्ये बंद करण्यात आला. कारैकुडी–पट्टुकोट्टै टप्पा २०१८ मध्ये आणि संपूर्ण मार्ग जून २०१९ मध्ये सुरू झाला. म्हणजे सहा-सात वर्षे पट्टुकोट्टै, पेरावूरणीच्या लोकांना रेल्वेच नव्हती. १९९२ पासून चाललेल्या एकसमान गेजच्या कार्यक्रमात प्रगती किलोमीटरने मोजली जाते. तितके किलोमीटर बदलले की तितके यश. बंद काळात प्रवासी बसकडे आणि दुचाकीकडे वळले, माल ट्रककडे गेला, विद्यार्थ्यांचे पास निरुपयोगी झाले. याची नोंद ठेवायला रकानाच नाही. आणि एकदा दुचाकी घेतलेला माणूस रुंद रूळ आले म्हणून ती विकत नाही.

२०१९ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा आणखी एक प्रकार पाहायला मिळाला. मार्गावरच्या कितीतरी फाटकांवर गेटमन नेमलेले नव्हते. मग गेटमन गाडीतूनच प्रवास करीत. फाटक आले की गाडी थांबे, पुढच्या डब्यातला माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की मागच्या डब्यातला ते उघडी, आणि दोघे चढले की गाडी पुढच्या फाटकापर्यंत जाई. दीडशे किलोमीटरला सहा तासांच्या वर वेळ लागे, म्हणजे ताशी २५ किलोमीटरहून कमी वेग. कोट्यवधींचे रूळ घातले, पण रोजच्या पगाराची माणसे ठेवली नाहीत. ब्रॉडगेजच्या लक्ष्यपूर्तीत तो मार्ग त्या दिवशी ‘पूर्ण’ होता. छत्र बांधून त्याला गाव तोडून द्यायचे राहिले, तर काय होते त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

रस्ता आणि भातखाचर

रस्त्याबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कावेरी त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टणम् हे जिल्हे त्यात येतात. तेल व वायूच्या नव्या उत्खननाला आणि काही उद्योगांना त्यात मनाई आहे. पण बंदरे, नळवाहिन्या, रस्ते, दूरसंचार, वीज, पाणीपुरवठा या पायाभूत कामांना कायदा आडवा येत नाही. म्हणजे शेतजमीन ज्या कारणाने सर्वांत सहज जाते, ते कारण कायद्याबाहेर ठेवले. सपाट प्रदेशात चौपदरी रस्ता भराव घालून उंच बांधावा लागतो, आणि ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर, हा भराव बांधासारखा पाणी अडवतो. मोऱ्या किती व कोठे ठेवल्या यावर दोन्ही बाजूंच्या भाताचे नशीब ठरते. रस्त्याच्या मूल्यमापनात वाचलेली मिनिटे रुपयांत मांडली जातात. आठ दिवस पाण्याखाली राहिलेले सांबा हंगामाचे पीक मात्र ‘नैसर्गिक आपत्ती’ या वेगळ्या खात्याच्या वहीत जाते. दोन खाती वेगळी ठेवली की रस्ता नेहमीच नफ्यात दिसतो.

निर्देशकाकडे परत

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.२ हे लक्ष्य सार्वजनिक वाहतुकीचे आहे. २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित, परवडणारी आणि सुलभ वाहतूक मिळावी असे ते सांगते. ते मोजण्याचा मुख्य निकष अंतराचा : बसथांबा ५०० मीटरच्या आत, रेल्वे किंवा मेट्रोचे स्थानक एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचे प्रमाण. निकष सोपा आहे, नकाशावर वर्तुळे काढता येतात, देशादेशांची तुलना होते. पण तो शहरांसाठी बनवलेला आहे. ओरत्तनाडला रेल्वे नाही, सगळी मदार बसवर. तिथल्या एखाद्या खेड्यात थांबा २०० मीटरवर असेल आणि शेवटची गाडी सायंकाळी साडेसहाला जात असेल, तर तंजावरच्या दुकानात रात्री आठपर्यंत काम करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो थांबा फक्त दिवसा अस्तित्वात असतो. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसे हलवण्याला प्राधान्य द्या असे सांगितले, आणि ते योग्यच होते. पण तेही नागरी धोरण आहे. तंजावरसारख्या जिल्ह्यात शहर आणि खेडे यांच्यामधली रेषा बसच्या फेरीइतकीच धूसर आहे.

बस न पोहोचणाऱ्या खेड्यांसाठी तमिळनाडूने जून २०२५ मध्ये मिनी बसची विस्तारित योजना सुरू केली. तिचा शुभारंभ तंजावरातच झाला. राहून गेलेल्यांना शोधण्याचा हा प्रयत्न म्हणून तिचे स्वागत करावे. पण सुरुवातीला या गाड्या खाजगी मालकांच्या आणि तिकीट घेऊन चालणाऱ्या होत्या. म्हणजे ज्या बाईच्या गावात सरकारी बस होती तिला प्रवास फुकट, आणि जिच्या गावात काहीच नव्हते तिला उशिरा आलेली गाडी पैसे देऊन. शिवाय खाजगी मालक तोट्यातली फेरी किती दिवस चालवील? १९९७ पासूनच्या जुन्या मिनी बस योजनेतले किती मार्ग पुढे बंद पडले आणि का, याची तालुकावार मांडणी केल्याशिवाय नव्या योजनेचे भाकीत करणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

स्वाध्याय

आपल्या तालुक्यातील बसस्थानकापासून १५ ते २५ किलोमीटरवरचे एक खेडे निवडा. तेथे जाणाऱ्या पहिल्या व शेवटच्या फेरीची वेळ, गाडीचा प्रकार आणि ती प्रत्यक्षात आली की रद्द झाली, याची नोंद ठेवा. शेवटच्या फेरीच्या वेळी व त्यानंतर अर्धा तास थांब्यावर किंवा फाट्यावर उभे राहून कोण थांबले आहे, ते कोठून आले व पुढे कसे गेले, हे विचारा. डेपोतील किमान एका चालकाशी किंवा वाहकाशी त्याच्या पाळीबद्दल बोला आणि गावातील एखाद्या निवृत्त कामगाराला त्याची देणी वेळेवर मिळतात का ते विचारा. नावे लिहू नका. नोंदी सलग सात दिवसांच्या असाव्यात व त्यात आठवडी बाजाराचा एक दिवस यावा.